आजीला कसं सांगशील?

तर सेमिसीची गोष्ट काल सांगता सांगता अर्धीच राहिली. दर मंगळवारी दहा वाजता त्याचे दोन तास एकाच वेळी यायचे. एक टेकडीवरच्या इमारतीत, दुसरा खाली समुद्राच्या बाजूला. टोंगाहून आलेलं ते सहा फुटी पोरगं, वरचा अर्धा तास ऐकायचं आणि मग वह्या डोक्यावर धरून, सुवा शहराच्या त्या कायमच्या पावसात, चपला हातात घेऊन खाली पळत सुटायचं. असं चार आठवडे चाललं. कुणाला एक अक्षर बोललं नाही. शेवटी इलाइतिया मास्टरांनी त्याला खोलीत बोलावलं, चटईवर बसवलं आणि विचारलं, "सेमिसी, समज आत्ता तुझी आजी तुझ्यापुढं बसलीय. इथं काय शिकवतात ते तिला कसं सांगशील?"

पोरानं खूप विचार केला. मग म्हणालं, "आजी, हे फार मोठं विद्यापीठ आहे. इथं सगळं अर्धं-अर्धं शिकवतात. उरलेलं अर्धं पळता पळता समजून घ्यायचं असतं."

बाहेरच्या टेबलावर बसणारी शिउमती तोंडात पदर कोंबून हसली. मास्टर हसले नाहीत. त्यांनी वेळापत्रक काढलं, मंगळवारचा एक तास गुरुवारी नेला आणि पोराला कपभर गरम चहा दिला. तो सेमिसी आज तिकडं मोठ्या शाळेचा मुख्याध्यापक आहे आणि ही गोष्ट स्वतःच हसत हसत सांगतो.

मास्टर म्हणतात खरे, पण इलाइतियांनी आयुष्यात एकही वर्ग शिकवला नव्हता. पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांनी कुठले विषय घ्यायचे, किती घ्यायचे, त्यातून पुढं काय होता येतं, एवढं सांगायला विद्यापीठानं त्यांना ठेवलं होतं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी तेच केलं. खोली लहान, खिडकी एक, खुर्च्या दोन. पण बेटांवरची पोरं मोठ्या माणसासमोर खुर्चीवर बसायला संकोचायची, म्हणून मास्टरांनी पहिल्याच वर्षी गावाहून चटई आणून अंथरली आणि स्वतःही कमरेची सुलू, म्हणजे आमची लुंगी, सावरून तिच्यावर मांडी घालून बसले. वरच्या साहेबांना ते आवडलं नाही. "हे कार्यालय आहे, इलाइतिया, ग्रामसभेचं घर नाही." मास्टर म्हणाले, "बरोबर आहे साहेब," आणि चटई तिथंच राहिली.

आमच्याकडची पोरं नाही म्हणत नाहीत, ही मास्टरांची खरी अडचण. मोठ्या माणसानं काही विचारलं की भुवया वर. भुवया वर गेल्या म्हणजे हो. हे विषय जमतील ना? भुवया वर. रसायन आधी शिकलास ना? भुवया वर. सगळं समजलं ना? भुवया इतक्या वर की आता केसांत जातील. आणि सहा महिन्यांनी तेच पोर चार विषयांत नापास होऊन परतीच्या बोटीची चौकशी करत धक्क्यावर उभं. त्यात लबाडी नसते. समोरच्या वडीलधाऱ्याला नाही म्हणून त्याचा मान कसा मोडायचा, एवढंच त्यांच्या मनात असतं.

म्हणून आजीचा प्रश्न. त्याला भुवयांनी उत्तर देता येत नाही, तोंड उघडावंच लागतं. आणि आजीपुढं कोण खोटं बोलणार?

हा प्रश्न मास्टरांना कुठल्या पुस्तकात मिळाला नव्हता. ते स्वतः कंदावू बेटावरच्या वाइतालेवा गावचे, आई लहानपणीच गेलेली, आजीनं वाढवलेले. गावातून विद्यापीठात आलेले ते पहिलेच. पहिल्या दिवशी एका गोऱ्या सल्लागारानं विचारलं, अर्थशास्त्र घेशील? यांच्या भुवया वर गेल्या. वर्षानं सुट्टीत घरी गेले. आजी दारात बसून नारळ खवत होती. म्हणाली, "काय शिकलास रे वर्षभर?" इलाइतियांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आजी थांबली, थांबली, मग खवणी त्यांच्याकडं सरकवून म्हणाली, "मग खोबरं तरी खव."

त्या सुट्टीत त्यांनी घरातले सगळे नारळ खवले आणि परत येऊन विषय बदलले.

आजी त्यांच्या तिसऱ्या वर्षी गेली. पोटात दुखायला लागलं म्हणून होडीत घालून दवाखान्याच्या गावाला नेत होते. दोन तासांची वाट. दवाखाना दिसायला लागला तोवर तिचा श्वास थांबला होता. गावात एक नर्स असती तर, हे तेव्हापासून त्यांच्या मनात बसलं ते बसलंच. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ तिथंच आहे.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, मास्टरांचे केस पिकल्यावर, त्यांचे धाकटे काका सुवाला आले. बरोबर त्यांची शेंडेफळ, अलुमिता. अठरा वर्षांची, बारावीला शास्त्रात गावात कुणालाच मिळाले नव्हते इतके गुण मिळालेली. काकांनी रीतीप्रमाणे यांगोनाच्या, म्हणजे कुटून मानाचं पेय करायच्या, मुळ्यांची जुडी मास्टरांच्या पुढं ठेवली, टाळी वाजवली आणि म्हणाले, "ही तुझी बहीण. हिचं शिक्षण तुझ्या हाती."

मास्टरांनी जुडीला हात लावला. हात लावला म्हणजे स्वीकारलं.

अलुमिता तेव्हा खोलीत नव्हती. ती दाराबाहेरच्या बाकावर बसली होती, आणि आत येणारही नव्हती. आमच्यात भाऊ आणि बहीण, सख्खी असोत की चुलत, मोठी झाली की एकमेकांशी थेट बोलत नाहीत. तबू असतं ते. एका खोलीत शक्यतो बसत नाहीत, नजरेला नजर देत नाहीत, निरोप द्यायचा तर तिसऱ्या माणसाच्या तोंडून. बाहेरच्याला वाटेल वैर आहे. तसं नाही. बहिणीइतका मान तर कुणालाच नाही, आणि तो मान असा गप्प राहून द्यायचा. मास्टर तिच्या वडिलांच्या वयाचे, पण नात्यानं भाऊच. तिच्या जन्मापासून त्यांनी तिला एकदाही नावानं हाक मारली नव्हती.

काका गेल्यावर शिउमती आत आली. तिचे आजे-पणजे समुद्रापलीकडून उसाच्या मळ्यांवर मजुरीला आलेले. ही बाई तीस वर्षं त्याच टेबलावर होती आणि मास्टरांना तोंडावर बोलायला ती एकटीच धजायची.

"मास्टर, शेजारच्या खोलीत केलेरा बसलीय. सल्लागार म्हणून नवी आहे, पण हुशार आहे. पोरीला तिच्याकडं पाठवा."

"काकांनी मुळ्या माझ्यापुढं ठेवल्यात, दीदी."

"मुळ्या तुमच्यापुढं राहू द्या. पोरगी तिच्यापुढं बसू द्या."

"लोक काय म्हणतील? दुनियेच्या पोरांना हा सल्ला देतो आणि घरच्या पोरीला दुसऱ्याच्या दारात पाठवतो?"

"आणि बोलणार कसं तुम्ही? भुवयांनी?"

"तुम्ही आहात की."

"वा! म्हणजे मी आता भावाबहिणीतला पोस्टमन!"

"दीदी, मुलांना मी ओळखतो," मास्टर म्हणाले. "अठ्ठावीस वर्षांत तेवढं तरी आलंय मला."

पंचवीस झाली होती तेव्हा, पण असू दे.

त्यांनी तिची गुणपत्रिका पाहिली. रसायन, जीवशास्त्र, गणित. डोळ्यांपुढं ती होडी आली आणि दवाखान्याचा लांबून दिसणारा लाल पत्रा. त्यांनी सुंदर अक्षरात तीन वर्षांचा आराखडा लिहिला, कुठल्या सत्रात कुठले विषय, कधी प्रात्यक्षिक, शेवटी नर्सिंगची पदवी. असा आराखडा त्यांनी कुणाला लिहून दिला नव्हता. इतरांना ते आधी विचारायचे, मग लिहायचे. हा आधी लिहिला.

शिउमती तो घेऊन बाहेर गेली. अर्ध्या उघड्या दारातून मास्टरांना पोरीचे पाय आणि मांडी तेवढी दिसत होती. मांडीवर फुलाफुलांच्या कापडात बांधलेलं एक चौकोनी गाठोडं. दोन्ही हातांनी धरलेलं. काकीनं बोटीवर खायला उकडलेला कसावा, तो रताळ्यासारखा कंद, दिला असेल, मास्टरांच्या मनात आलं, आणि पोरीनं अजून खाल्ला नाही, भुकेली असेल. त्यांनी आतून हळूच सांगितलं, "दीदी, तिला चहा द्या."

थोड्या वेळानं शिउमती आली.

"काय म्हणाली?"

"भुवया वर केल्या."

"सगळं समजलं?"

"विचारलं. पुन्हा वर केल्या." शिउमती जरा घुटमळली. "मास्टर, तो आजीचा प्रश्न मी विचारू का तिला?"

आता यात एक अडचण होती. त्या दोघांची आजी एकच. म्हातारी गेली तेव्हा पोरगी जन्मायची होती, पण आजी म्हटलं की तीच. भावानं बहिणीला आजीच्या नावानं बोलतं करायचं, मग ते परक्याच्या तोंडून का असेना, मास्टरांना ते हात धरून खेचल्यासारखं वाटलं. म्हणाले, "नको. घरचीच आहे. तिला काय विचारायचं!"

पहिल्या सत्राचा निकाल लागला तेव्हा चारपैकी दोन विषय गेले. मास्टरांनी निरोप पाठवला, काही अडचण? उत्तर आलं, सगळं बरं आहे. मास्टरांनी आपल्या ओळखीच्या एका मुलाला रसायनाची शिकवणी घ्यायला लावलं. पोरगी दर शनिवारी वेळेवर जायची, मान खाली घालून बसायची. बेटावरच्या शाळेत दोन वर्षं शास्त्राला शिक्षकच नव्हते आणि तिनं सगळं पुस्तक पाठ करून ते गुण मिळवले होते, हे त्या शिकवणीवाल्यालाही तिनं सांगितलं नाही. तो काही विचारायचा, हिच्या भुवया वर. दुसऱ्या सत्रात तीन विषय गेले. शिष्यवृत्ती बंद झाल्याचं पत्र आलं.

एक वाट उरली होती. फेरविचाराचा अर्ज. शुक्रवारी चारच्या आत तो द्यायचा, आणि त्यात एक चौकट होती. नापास होण्याचं कारण विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शब्दांत, सल्लागारासमोर. असे अर्ज मास्टरांनी शेकड्यांनी भरले होते. त्यातले बरेचसे मंजूर झाले, कारण त्या चौकटीत खरं काय ते लिहिलेलं असायचं आणि समितीला ते कळायचं.

त्या आठवड्यात शिउमती भाच्याच्या लग्नाला लंबासाला गेलेली. केलेरा बाळंतपणाच्या रजेवर. शुक्रवारी तीन वाजता अलुमिता येऊन बाकावर बसली. आत मास्टर चटईवर. मध्ये अर्धं उघडं दार. आणि तिसरं माणूस नाही.

रस्त्यावरून कुणालाही बोलावता आलं असतं. पण बहिणीचं अपयश परक्या पोरासमोर उघडं करायचं? त्यापेक्षा जीभ तोडलेली बरी. मास्टरांनी अर्ज पुढं ओढला. पेन उघडलं. पंधरा मिनिटं गेली. पावसाचं पाणी पन्हाळीतून पडत होतं तेवढाच आवाज.

शेवटी ते किटलीकडं बघून म्हणाले, "कुणाला काही सांगायचं असेल तर आज सांगायला हवं."

मग बाहेरून, फरशीला सांगितल्यासारखं, "सगळं बरं आहे."

आजीच्या प्रश्नाचे ते सहा-सात शब्द हजारो पोरांना विचारून विचारून झिजले होते. ते घशापर्यंत आले. तिथं कुणी नव्हतं ऐकायला, गावात कुणाला कळलंही नसतं. लोकांची भीती नव्हती ती. ज्या तोंडानं बहिणीला कधी हाक मारली नाही, त्याच तोंडानं तिला पहिली हाक म्हणून तू नापास का झालीस हे विचारायचं, हे त्यांना जमेना. दोनदा ओठ हलले. साडेतीन झाले. पावणेचार झाले. मग त्यांनी चौकटीत स्वतःच लिहिलं, प्रकृती ठीक नव्हती. कागद दाराच्या फटीतून बाहेर सरकवला. तिनं सही करून परत सरकवला. बोटं दिसली, नखं कुरतडलेली.

समितीनं डॉक्टरचा दाखला मागितला. तो नव्हता. अर्ज फेटाळला गेला, आणि मंगळवारच्या बोटीनं अलुमिता घरी गेली. मास्टर धक्क्यावर गेले नाहीत. भावानं निरोप द्यायला जायची रीत नाही.

नाताळात ते गावी गेले. अलुमिता तिथं नव्हती. ती एका बंदराच्या गावी मासे डब्यात भरायच्या कारखान्यात लागली होती. काकांनी विषय काढला नाही. काकीनं जेवायला वाढलं आणि आतून ते फुलाफुलांचं कापड आणून गाठ सोडली. आत निळ्या पुठ्ठ्याची जाडजूड वही.

तिकडं ही बघायला कुणी नाही म्हणून पोरगी इथंच ठेवून गेली, काकी म्हणाली. मास्टरांनी वही उघडली. गावचा मोठा सरदार वारला होता तेव्हा रीतीप्रमाणे शंभर दिवस समोरच्या प्रवाळाचा एक तुकडा मासेमारीला बंद केला होता. अलुमिता तेव्हा तेरा वर्षांची. तिनं त्या दिवसापासून ओहोटीला पाण्यात उतरून मोजायला सुरुवात केली होती. मोठे शिंपले किती, पोपटमासे किती, कुठल्या खडकामागं, चंद्र कुठल्या दिवसाचा. शंभर दिवसांत किती वाढले. बंदी उठल्यावर पहिल्या आठवड्यात किती उरले. मग पुढची पाच वर्षं, एकही महिना न चुकवता. समासात बारीक अक्षरात प्रश्न. हे शिंपले परत याच खडकाला का येतात? बंदी पावसाळ्यात घातली तर? माशांची चित्रं पेन्सिलीनं काढलेली, आणि ती अशी की खवले मोजून घ्यावेत.

सागरविज्ञानाचा विभाग मास्टरांच्या खोलीपासून दोन इमारती सोडून होता. तिथं पहिल्या वर्षाला रसायन लागतही नव्हतं.

"पहिल्या दिवशी हीच घेऊन गेली होती तुझ्याकडं," काकी म्हणाली. "म्हणाली, दादा सगळ्यांना विचारतात म्हणे, काय करायचंय ते. विचारलं की त्या बाईच्या हाती आत पाठवीन. तू बघितली होतीस ना?"

आणि मास्टरांच्या भुवया वर गेल्या.

काकी समाधानानं भांडी घेऊन विहिरीकडं गेली. मास्टर वही मांडीवर घेऊन बसून राहिले. समोरच्या ताटातला कसावा तसाच राहिला.

त्यांनी काही केलं नाही असं नाही. वही मागून घेतली, सुवाला आणली, सागरविज्ञानाच्या मुख्य बाईंपुढं ठेवली. बाई पहिलं पान उघडून बसल्या त्या जेवायची सुट्टी विसरल्या. म्हणाल्या, "ही कोण? बोलवा तिला. मी भांडते वरती." शिउमतीनं कारखान्यात फोन लावला. दोन दिवसांनी अलुमिता फोनवर आली. शिउमतीनं सगळं सांगितलं, वहीचं, बाईंचं, जागेचं, अगदी रडकुंडीला येऊन. पलीकडून उत्तर आलं, "सगळं बरं आहे, दीदी. दादांना काळजी करू नका म्हणावं. मासे मोजायला इथंही ठेवलंय मला, डब्यांतले." आणि मग, "एकदा सगळ्या गावासमोर बोटीतून उतरले. पुन्हा त्याच गावासमोर चढायला सांगू नका."

ती परत आली नाही. पुढच्या वर्षी तिकडंच तिचं लग्न झालं.

मास्टर आणखी दोन वर्षं त्या चटईवर बसले. काम तसंच केलं, किंबहुना जास्तच मन लावून. फक्त नवं पोर आलं की गाव विचारायचे, आजोबांचं नाव विचारायचे, आणि नात्याचा धागा कुठंही लागला की स्वतः उठून त्याला केलेराच्या दारात सोडून यायचे. मुळ्यांची जुडी कुणी पुढं ठेवली तर हात लावायचे नाहीत. माणसं रागावली. कंदावूत तर म्हणू लागले, इलाइतिया शहरात राहून माजला.

निवृत्तीच्या दिवशी दुपारी मोठा लाकडी कटोरा मांडून यांगोना झाली. सेमिसी टोंगाहून मुद्दाम आला आणि त्यानं अर्ध्या-अर्ध्या विद्यापीठाची गोष्ट सांगितली. माणसं पोट धरून हसली, मास्टरही हसले. गळ्यात इतके हार पडले की हनुवटी दिसेना. वरच्या साहेबांनी तर चटईचं कौतुक केलं.

सगळे गेल्यावर मास्टर खोलीत आले. खिडकी लावली, किटली धुतली, चटई गुंडाळायला घेतली. शिउमती दाराला टेकून उभी होती. तिचंही शेवटचं वर्ष चालू होतं. वातावरण जरा हलकं करावं म्हणून ती म्हणाली, "मास्टर, आज तुम्ही चटईवर बसा आणि मी विचारते. समजा आजी समोर बसलीय. अठ्ठावीस वर्षं या खोलीत काय केलंत, ते तिला कसं सांगाल?"

मास्टर चटई अर्धी गुंडाळून थांबले. दारातून त्यांना तो बाक दिसत होता. शिउमतीला वाटलं, आपण हे विचारायला नको होतं. मग ते म्हणाले, "आजी, त्या बाकावर एक पोरगी बसली होती. तिच्या मांडीवर कापडात काहीतरी बांधलेलं होतं. मला वाटलं, उकडलेला कसावा असेल."